पारी आणि सारण: उरल्यासुरल्या तंतूंपासून उठावदार सूत कसे कातावे

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा सभासदत्वासाठी दरमहा २,००० वार सूत देण्याची अट मान्य झाली, आणि ते सूत एकसारखे कातलेले असले पाहिजे, असेही त्या अटीत होते. पुढे बेळगावजवळच्या हुदली गावात काँग्रेसचे पुढारी गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने खादीचे काम रुजले. या साऱ्याचा परिणाम असा की आमच्या भागात ज्या घरांच्या माळ्यावर सूत कातायची जुनी टकळी अजून सापडते, त्या घरांतले वडीलधारे लोक सूत हातात घेताच आधी त्याचा एकसारखेपणा पाहतात आणि जाड-बारीक सूत दिसले की ते कच्च्या हाताचे समजून बाजूला ठेवतात. ही पारख खादीसाठी अगदी योग्य आहे. प्रस्तुत लेख मात्र दुसऱ्या प्रकारच्या सुताविषयी आहे: ज्यात जाडी मुद्दाम बदलली जाते, मध्येच रेशमाचा ठिपका चमकतो, कुठे कापसाची गुठळी फुगलेली असते आणि कुठे साडीच्या काठाचा तुकडा डोके वर काढतो. अशा सुतासाठी नवे काही विकत आणावे लागत नाही. घरात, मागावर आणि मेंढपाळाकडे जे उरते, तेवढ्यावर ते होते.

नवशिक्याचे सूत आपोआपच जाड-बारीक होते, मग त्यात शिकायचे काय, असे पुष्कळांना वाटते. फरक पिळात आहे. पीळ नेहमी बारीक जागी धावतो आणि जाड जागेला टाळतो. त्यामुळे अजाणता झालेल्या जाड-बारीक सुतात बारीक भाग ताठ होऊन तुटायला येतो आणि जाड भाग पिळावाचून फुसका राहून ओढताच सुटतो. जाणून केलेल्या उठावदार सुतात हीच गोष्ट आधी ओळखून तिची सोय केलेली असते. म्हणून हे सूत एकसारख्या सुतापेक्षा सोपे आहे, असे मी कोणाला सांगणार नाही. ते वेगळे आहे, आणि त्यात लक्ष जरा जास्तच द्यावे लागते.

सगळ्या कामाचे मर्म करंजीच्या भाषेत सांगता येते. लांब आणि एकमेकांना धरून राहणारा तंतू ही पारी, आणि आखूड, निसरडा, रंगीत किंवा विचित्र तंतू हे सारण. पारी धड असेल तर सारण कोणतेही चालते. पारी अपुरी पडली की करंजी तेलात फुटते, तसे सूत हातात फुटते. वजनाने निदान साठ ते सत्तर टक्के पारी आणि उरलेले सारण, हे प्रमाण पहिल्या चार-पाच लडींपर्यंत (लड म्हणजे कातलेल्या सुताचे गुंडाळलेले वेटोळे) सोडू नये.

काय गोळा करावे

पारीसाठी आपल्याकडे दख्खनी मेंढीची लोकर हाताशी आहे. अथणी, चिकोडी, रायबाग, गोकाक या बाजूंचे धनगर आणि कुरुबर मेंढपाळ वर्षातून साधारण दोनदा मेंढरे कातरतात. ही लोकर राठ, बहुतेक काळी किंवा करडी आणि केसाळ असते, म्हणूनच ती घोंगड्याला चालते आणि अंगालगतच्या स्वेटराला चालत नाही. एका कातरणीच्या लोकरीची लांबी दोन-तीन इंच भरते. नवशिक्याला हीच लांबी सोयीची आहे, कारण तंतू हातातून लगेच निसटत नाहीत आणि फार गुंतूनही बसत नाहीत. शेतात मेंढरे बसवलेली असतील तर मेंढपाळाला भेटून, कातरणी कधी आहे ते विचारून, पाठीवरची आणि बगलेकडची लोकर वेगळी ठेवायला सांगावे. पोटाची आणि शेपटीकडची लोकर आखूड व मळकट असल्यामुळे ती घेऊ नये. अर्धा किलो घेतली तरी धूळ, माती आणि गोखरू गेल्यावर बरीच कमी भरते, हे आधीच धरून चालावे.

सारणाची यादी मोठी आहे आणि तिच्यात मौज आहे. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग या वस्त्यांत साड्यांचे माग आहेत. एक ताणा, म्हणजे मागावर ताणून लावलेले उभे धागे, विणून संपला की शेवटची काही इंच टोके विणता येत नाहीत, ती कापून टाकली जातात. या टोकांत गडद गुलाबी, पोपटी, मोरपंखी असे रंग असतात आणि ओळखीच्या विणकराकडून पिशवीभर टोके मागून आणणे अवघड नसते. दुसरे सारण गादीचा जुना कापूस. पिंजाऱ्याने गादी पुन्हा पिंजून दिली की थोडा आखूड, गुठळ्यांचा कापूस उरतो. तोही चालतो, मात्र दमट वास येत असेल तर तो घरात ठेवूच नये. तिसरे, स्वेटर विणून उरलेल्या बाजारी लोकरीचे गुंडे, आणि चौथे, मऊ सुती साडीच्या पाव इंच रुंदीच्या पट्ट्या, ज्या एरवी वाकळीच्या कामी गेल्या असत्या. खानापूर भागात उन्हाळ्यात काटेसावरीची बोंडे फुटून पांढरी म्हातारी वाऱ्यावर उडते. तिचा मोह प्रत्येकाला होतो, मलाही झाला होता. पण तो तंतू गुळगुळीत, ठिसूळ आणि आखूड असतो, पीळ धरून ठेवत नाही. शंभर ग्रॅममध्ये पाच ग्रॅमपेक्षा जास्त घालू नये, आणि पहिल्या लडीत तर नाहीच.

गॅरेजमध्ये हात पुसायला वापरतात ते यंत्रमागाचे कॉटन वेस्टही पुष्कळ जण उचलून आणतात. इथे एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. ते वेस्ट म्हणजे आधीच कातलेले, पिळलेले धागे आहेत, सुटे तंतू नव्हेत. पिळलेला धागा नव्या पिळात मिसळत नाही, तो नुसता वर चिकटून राहतो आणि वापरात निसटतो. मागाच्या टोकांनाही हेच लागू आहे. माझी पहिली लड मी न कापलेल्या, न उलगडलेल्या रेशमी टोकांवर घालवली. दिसायला ती देखणी होती, पण गुंडाळताना निम्मे रेशीम मांडीवर गळून पडले.

तंतू ओळखणे

उरलेल्या मालावर चिठ्ठी नसते, आणि मागावरून आलेले प्रत्येक चमकदार टोक रेशीम असते असेही नाही. त्यात कृत्रिम धागा पुष्कळ असतो. म्हणून जाळून पाहण्याची जुनी परीक्षा करावी. स्टीलच्या ताटलीवर, जवळ पाणी ठेवून, दोन इंचांचा तुकडा चिमट्यात धरून पेटवावा. लोकर आणि खरे रेशीम केस जळल्यासारखा वास देतात, ज्योत काढताच बहुधा विझतात आणि त्यांची राख बोटात चुरडली जाते. कापूस आणि रेयॉन कागदासारखे भराभर जळतात व हलकी करडी राख सोडतात. पॉलिएस्टर आणि ॲक्रिलिक वितळून आक्रसतात, थेंब गाळतात आणि थंड झाल्यावर टणक मणी उरतो. तो थेंब बोटाला लागला तर खोल भाजते, तेव्हा ही परीक्षा लहान मुलांकडून करून घेऊ नये. परीक्षेनंतर प्रत्येक प्रकार वेगळ्या पिशवीत ठेवावा. पुढे सूत धुताना आणि वाफ देताना कोणत्या लडीत काय आहे, हे ठाऊक असणे आवश्यक असते.

रंग सुटतो का, तेही आताच पाहावे. मागाची टोके कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात पाच मिनिटे दाबून ठेवावीत. फडक्यावर रंग उतरला तर ती टोके पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावीत. तरीही उतरत राहिला तर ती काळ्या लोकरीतच वापरावीत.

लोकर धुणे

या पायरीवर घाई करणाऱ्यांची लोकर हमखास वाया जाते. आधी कोरडी लोकर जुन्या चादरीवर अंगणात पसरून झटकावी, गोखरू आणि कुसळे हाताने वेचावीत. लोकरीची धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला फडके बांधावे. हाताला जखम असेल तर कच्ची लोकर हाताळू नये आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत. मग लोकर बादलीभर थंड पाण्यात रात्रभर भिजत ठेवावी. सकाळी पाणी चहासारखे काळपट झालेले दिसते, कारण मेंढीच्या घामाचे क्षार आणि बरीच माती नुसत्या थंड पाण्यातच सुटते. ते पाणी परसातल्या झाडांना घालावे.

दुसऱ्या पाण्याची ऊब हाताला जेमतेम सोसेल इतकी असावी. त्यात रिठ्याचे पाणी किंवा सौम्य साबण मिसळून मगच लोकर अलगद बुडवावी, वीस मिनिटे तशीच राहू द्यावी आणि उचलून घ्यावी. दख्खनी लोकरीत तेलकटपणा कमी असल्यामुळे उकळत्या पाण्याची गरज पडत नाही. डाग काढण्यासाठी एन्झाइम घातलेली पावडर वापरू नये. ती डागाबरोबर लोकर आणि रेशीमही कुरतडते, कारण दोन्ही तंतू प्रथिनांचेच आहेत. धुण्याच्या सोड्याचेही तेच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लोकर चोळू नये, ढवळू नये, तिच्यावर नळाची धार सोडू नये आणि गरम पाण्यातून काढून एकदम गार पाण्यात टाकू नये. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल आणि घर्षण एकत्र आले की ते एकमेकांत अडकून लोकरीची नमद्यासारखी गच्च गादी बनते, आणि ती परत सुटत नाही. माझी एक अख्खी बादली अशी फुकट गेली, आणि त्याला कारण केवळ घाईत उघडलेला नळ होता. खळबळण्याचे पाणी आधीच्या पाण्याइतकेच उबदार घ्यावे, लोकर पिळण्याऐवजी टॉवेलात गुंडाळून दाबावी आणि सावलीत, वारा लागेल अशा जागी जाळीवर पसरावी. खानापूरच्या पावसाळ्यात हे काम हाती घेऊ नये. आठवडाभर लोकर वाळत नाही आणि तिला कुबट वास लागतो. अथणीकडे पाऊस कमी, तिथे ही अडचण क्वचितच येते.

गादीचा कापूस धुवू नये, तो भिजला की गोळे होतो. त्याला दोन दिवस कडक ऊन दाखवणे पुरेसे आहे.

साधने

शाळेत मिळायची ती पितळी चकतीची टकळी कापसाच्या बारीक सुतासाठी असते. ती इतकी हलकी असते की जाड सुताला पीळ देता देताच थांबते. या कामाला चाळीस ते साठ ग्रॅम वजनाची टकळी हवी, आणि ती घरी होते. एक फूट लांबीची बांबूची सरळ काडी घासून गुळगुळीत करावी. करवंटीचा किंवा लाकडाचा तीन इंचांचा गोल तुकडा बरोबर मध्यभागी भोक पाडून काडीच्या वरच्या टोकाखाली दीड-दोन इंचांवर घट्ट बसवावा, आणि मोडक्या छत्रीच्या काडीचा आकडा वाकवून माथ्यावर दोऱ्याने बांधून टाकावा. टकळी फिरताना थरथरली तर भोक मध्यावर नाही असे समजावे. थोडी थरथर चालते; फार झाली तर नवी चकती करणे हेच खरे, कारण वाकड्या टकळीवर शिकलेला हात वाकडाच शिकतो.

पेटी चरखा असलेल्यांनी तो वापरायला हरकत नाही. त्याच्या चातीचे, म्हणजे सूत गुंडाळत फिरणाऱ्या सळईचे, टोक मोकळे असल्यामुळे जाड गुठळी कुठे अडकत नाही, हा त्याचा फायदा. मात्र चाती फार वेगाने फिरते आणि क्षणात पीळ जास्त होतो, तेव्हा चाक अगदी सावकाश फिरवावे लागते.

पिंजण्यासाठी धनुकली, म्हणजे पिंजाऱ्याचे लहान धनुष्य, उत्तम, पण ती चालवणे हे स्वतंत्र कसब आहे. नवशिक्याने पाळीव कुत्र्याचे केस विंचरायचे, वाकड्या बारीक तारांचे दोन सपाट ब्रश घ्यावेत. त्यांवर एका वेळी पाच-सहा ग्रॅमच तंतू बसतात. पण मिश्रण कसे जमते आहे हे डोळ्यांसमोर दिसते, म्हणून ते मला अधिक आवडतात. याशिवाय स्वयंपाकघरातला लहान वजनकाटा, कात्री, एक फूटपट्टी आणि पेळू, म्हणजे पिंजलेल्या तंतूंची सैल सुरळी, वळायला पेन्सिलीएवढी काडी एवढे पुरे.

पिंजणे आणि भरणे

शंभर ग्रॅमच्या पहिल्या लडीसाठी माझे प्रमाण असे आहे: सत्तर ग्रॅम काळी किंवा करडी लोकर, वीस ग्रॅम मागाची रंगीत टोके आणि दहा ग्रॅम गादीचा कापूस. सगळे आधी मोजून, प्रत्येकाचे वीस सारखे वाटे करून ठेवावेत, नाहीतर पहिल्या पाच पेळूंत सगळे रेशीम संपते आणि उरलेली लड सुतकी दिसते.

टोके दीड ते दोन इंचांची कापावीत. यापेक्षा लांब ठेवली तर तारांत गुंततात, फार आखूड कापली तर गळतात. मग एकेक झुबका दोन तळव्यांत उलट दिशेने चोळून त्याचा पीळ सैल करावा आणि ब्रशवर चार-पाच वेळा ओढावा. धागा फुलून केसांच्या बटेसारखा दिसू लागला की तो तंतू झाला. जरीचे धागे निवडून काढून टाकावेत; ते बोट कापतात आणि फुलतही नाहीत.

आता भरणी. एका ब्रशवर लोकरीचा पातळ थर द्यावा, इतका पातळ की खालच्या तारा दिसाव्यात. त्यावर रेशीम आणि कापूस सर्वत्र न पसरता तीन-चार ठिकाणी ठेवावेत, आणि वरून पुन्हा लोकरीचा थर द्यावा. दुसऱ्या ब्रशने, तारा तारांत खुपसू न देता, वरच्या वर हलकेच दोनदा ओढावे. तिसऱ्यांदा ओढण्याची इच्छा होते, ती आवरावी. जितके जास्त पिंजावे तितके सगळे एकजीव होते, आणि एकजीव झाल्यावर काळ्या लोकरीतले गुलाबी-पोपटी रंग मिळून धुरकट तपकिरी होतात. उठाव हवा असेल तर मिश्रण अर्धवट राहणेच इष्ट आहे. ठिपक्यांचे सूत हवे असेल तर मात्र रीत वेगळी: लोकर आधी पूर्ण पिंजून घ्यावी आणि शेवटच्या ओढणीआधी अर्ध्या इंचाचे रेशमाचे चुरे वरून भुरभुरावेत.

ब्रशवरचा थर उचलून काडीभोवती सैलसर वळला की पेळू तयार होतो. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत ॲक्रिलिकचे तंतू उडून हाताला चिकटतात. त्यावर पाण्यात दोन थेंब खोबरेल घालून फवारा मारावा आणि पेळू तासभर झाकून ठेवावेत.

कातणे

टकळीला दीड फूट लोकरीचा दोरा बांधून तो आकड्यातून वर घ्यावा. पेळूचे टोक थोडे पिसारून दोऱ्यावर चार बोटे चढवावे आणि उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, टकळी फिरवावी. जोड धरला की काम सुरू झाले.

चालत्या टकळीवर एकाच वेळी पीळ देणे आणि तंतू ओढणे नवशिक्याला जमत नाही, म्हणून दोन्ही कामे वेगळी करावीत. उजव्या हाताने टकळी जोरात फिरवावी, डाव्या हाताची चिमूट पेळूच्या तोंडाशी घट्ट धरावी आणि दोऱ्यात भरपूर पीळ साठू द्यावा. मग टकळी दोन गुडघ्यांत धरून थांबवावी. उजवी चिमूट डाव्या चिमटीच्या जागी आणावी, डाव्या हाताने पेळू मागे ओढून तीन-चार इंच तंतू पसरावेत आणि उजवी चिमूट हळूहळू मागे सरकवत पीळ त्या तंतूंत शिरू द्यावा. साठवलेला पीळ संपला की पुन्हा टकळी फिरवावी. पहिले दोन दिवस असेच कातावे, तेही नुसत्या लोकरीचे, शक्य तितके एकसारखे. उठावदार सुताच्या लेखात ही अट विचित्र वाटेल, पण हात एकसारखे कातू शकत नसेल तर तो गुठळी हव्या त्या जागी आणि हव्या त्या मापाची ठेवू शकत नाही.

तिसऱ्या दिवशी मिश्र पेळू घ्यावेत. चार-पाच चिमटी नेहमीप्रमाणे ओढाव्यात आणि सहाव्या वेळी पेळू ओढायचाच नाही. एक-दीड इंच तंतू तसेच जाड सोडून उजवी चिमूट त्यांच्यावरून पलीकडे न्यावी आणि पुढचे तंतू पुन्हा बारीक ओढावेत. दोन बारीक टोकांमध्ये फुगलेली ही जागा म्हणजे गुठळी. तिची लांबी लोकरीच्या तंतूच्या लांबीपेक्षा कमीच असावी, म्हणजे निदान काही तंतू एका बारीक टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचून तिला बांधून ठेवतात. तंतू दोन इंचांचा आणि गुठळी तीन इंचांची झाली तर मधला भाग कोणीच धरलेला नसतो. रेशमाचा झुबका चिमटीखाली आला तर त्याच्या दोन्ही बाजूंना लोकर आहे ना, हे पाहूनच पीळ सोडावा. तो उघडा बाहेर आला तर बोटाने आत दुमडून वरून लोकरीचे चार तंतू गुंडाळावेत.

गुठळ्या किती अंतरावर ठेवाव्यात, याचा काटेकोर नियम नाही. मोजून चार-चार इंचांवर ठेवलेल्या गुठळ्या विणल्यावर एका रेषेत येतात आणि कापडावर पट्टे दिसू लागतात, म्हणून अंतर बदलते ठेवावे. फार दाट केल्या तर सूत काथ्याच्या सुंभासारखे दिसते.

दर दोन हातांनंतर परीक्षा घ्यावी. सूत दोन्ही हातांत धरून हळू ताणावे. गुठळी सरकून लांबू लागली तर पीळ कमी आहे, तो वाढवावा. सूत सैल सोडताच स्वतःभोवती वेटोळे घालते, तेही पाहावे. या सुताला पुढे दुसरा दोरा जोडायचा आहे आणि तो जोडताना काही पीळ उतरणार आहे, म्हणून या टप्प्यावर वेटोळी जरा जास्तच पडायला हवीत.

साडीची पट्टी घालायची असेल तर ती तीन-चार इंचांची कापून तिचे पहिले टोक पसरलेल्या तंतूंत ठेवावे, पीळ त्यावर चढू द्यावा, मधला भाग बाहेर लोंबता ठेवून दुसरे टोकही तसेच आत घ्यावे. नुसते एक टोक अडकवलेली पट्टी दोन धुण्यांत निघून येते.

दुसरा पदर

एकपदरी उठावदार सूत मी वापरायला देत नाही. त्याच्या जाड जागी पीळ कमी असल्यामुळे घासून घासून तंतू सुटतात. त्याला बारीक, मजबूत दोरा जोडला की तो दर अर्ध्या इंचावर गुठळीला वेढा घालून धरून ठेवतो. कारखान्यात असे धागे तयार करतानाही गाभ्याचा धागा, उठावाचा धागा आणि बांधणारा धागा अशी तीन अंगे असतात. आपण घरी लोकरीच्याच पारीला गाभा मानून दोन अंगांत काम भागवतो.

बांधायला शिलाईचा सुती दोरा चांगला. विणकराकडचे एकपदरी सूत असेल तर त्याचे दोन धागे एकत्र घ्यावेत, कारण पदर जोडताना टकळी उलट्या दिशेने फिरवायची असते आणि त्यात एकपदरी सुताचा स्वतःचा पीळ उतरून ते तुटू शकते. कातलेले सूत एक रात्र टकळीवर तसेच राहू द्यावे, पीळ थोडा शांत होतो. दुसऱ्या दिवशी ते पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून घ्यावे, बारीक दोऱ्याचे रीळ वाटीत ठेवावे, आणि दोन्ही टोके मोकळ्या टकळीला बांधून ती डावीकडे फिरवावी.

इथे दोन्ही हातांचे काम वेगळे आहे. दोन्ही धागे सारख्या ताणाने धरले तर साधे दुपदरी सूत मिळते, आणि तेही वाईट नसते. बारीक दोरा ताठ आणि जाड सूत सैल, किंचित तिरपे धरले तर जाड सूत बारीक दोऱ्याभोवती नागमोडी वळत जाते आणि गुठळ्या बाहेरच्या अंगाला येतात. हेच सैल सूत अंगठ्याने थोडे वर सरकवले तर त्याची लहान कडी पडते, आणि अशा कड्या ओळीने बसवून पुन्हा एका बारीक दोऱ्याने उजवीकडे पीळ देत बांधल्या तर कड्यांचे सूत होते. ते पुढचे काम आहे. निदान पाच लडी झाल्याखेरीज त्याच्या वाटेला जाऊ नये, बांधणीचा दोरा चुकला की कड्या एका टोकाला गोळा होतात.

पीळ पुरेसा झाला का, हे पाहायला दोन हात सूत काढून त्याचा सैल झोका करावा. झोका सरळ लोंबला तर ठीक. डावीकडे किंवा उजवीकडे मुरगळला तर पीळ त्या मानाने कमी-जास्त करावा, पण थोडीशी मुरगळ धुतल्यावर जाते.

लड आणि शेवटचे धुणे

सूत खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लड करावी आणि चार ठिकाणी सैल आठच्या आकड्याने बांधावी. गच्च बांधलेल्या जागी पाणी पोचत नाही. लड कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावी, टॉवेलात दाबावी, दोन हातांत धरून तीन-चारदा झटकावी आणि वजन न लावता वाळवावी. वजन लावून वाळवलेले सूत सरळ होते आणि एवढ्या कष्टाने आणलेला उठाव बसून जातो. वाळताना लोकर थोडी आक्रसते, रेशीम आणि कापूस तितके आक्रसत नाहीत, त्यामुळे आत दबलेले रेशीम बाहेर फुगून येते. ओली लड पाहून निराश झालेल्यांनी दुसऱ्या दिवशीची सकाळ होईपर्यंत थांबावे. ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टर घातलेल्या लडीला वाफ किंवा इस्त्री दाखवू नये.

शंभर ग्रॅम तंतूंपासून माझ्या हाताने साधारण साठ ते ऐंशी मीटर सूत होते. फूटपट्टीवर एका इंचात शेजारी शेजारी सहा-सात वेढे बसले तर ते या कामाच्या जाडीचे समजावे. प्रत्येक लडीला चिठ्ठी बांधून तिच्यावर तंतू, त्यांचे वजन आणि महिना लिहून ठेवावा. उरलेल्या मालाची लड दुसऱ्यांदा तशीच होत नाही, पण चिठ्ठी असली की तिच्या जवळपास जाता येते.

हे सूत ताण्याला वापरू नये. गुठळ्या मागाच्या फणीत अडकतात आणि ताण सोसत नाहीत. लाकडी चौकटीला एका इंचात चार या हिशेबाने जाड सुती दोऱ्याचा ताणा लावावा आणि आपले सूत बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यात, घालावे. दर तीन-चार उठावदार ओळींनंतर एक ओळ साध्या सुती दोऱ्याची घातली तर वीण सरकत नाही. ऐंशी मीटरच्या एका लडीत दीड फूट लांब-रुंद बस्कर (बसायचे आसन) निघेलच असे नाही, म्हणून त्यासाठी दोन लडी आधीच तयार ठेवाव्यात आणि विणताना एक ओळ पहिल्या लडीची, एक दुसऱ्या लडीची अशी घालावी, म्हणजे दोन लडींतला रंगाचा फरक मध्येच एकदम दिसत नाही. बस्कर चौकटीवरून उतरवल्यावर कडेच्या ताण्याची टोके दोन-दोन घेऊन गाठी माराव्यात आणि मृगाच्या आत ते एकदा उन्हात ठेवून, घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, कोरड्या जागी ठेवावे. लोकरीला कसर लागते ती बहुधा पावसाळ्यात, बंद ट्रंकेत.